पगार कोणी कोणाला द्यायचा?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



२०२२ सालच्या जून-जुलै महिन्यांतली ही घटना आहे. नवी दिल्लीच्या रेल्वे स्थानकावर तामिळनाडूतून आलेले २८ तरुण रोज ८ तास निरनिराळ्या फलाटांवर उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्या गाड्या आणि त्यांचे डबे मोजत होते. तिकीट तपासनीस, वाहतूक सहायक, कारकून अशा पदांवर आपली निवड झाली असून हे नेमणुकीपूर्वीचे प्रशिक्षण आहे, असे त्यांना सांगण्यात आले होते. सुमारे महिनाभर त्यांनी हे काम इमानेइतबारे केले. या नोकरीसाठी कोणी २ लाख, तर कोणी २४ लाखांपर्यंत रक्कम मोजली होती; एकूण आकडा २ कोटी ६७ लाखांच्या घरात जात होता. प्रत्यक्षात नोकरी नव्हतीच. प्रशिक्षणाचे आदेश, ओळखपत्रे, नियुक्तिपत्रे सारे बनावट होते. त्या वर्षाच्या डिसेंबरात दिल्ली पोलिसांकडे गेलेल्या तक्रारीची बातमी वृत्तपत्रांत आली, तेव्हा कुठे देशाला या गाड्या मोजणाऱ्यांची वार्ता कळली.

गाड्या मोजणे ही नोकरी असू शकते असे मानणारे लोक किती भोळे, असे कोणाच्याही मनात येईल. पण या २८ जणांपैकी बहुतेकांनी अभियांत्रिकीचे किंवा तांत्रिक शिक्षण घेतलेले होते. त्यांची वैद्यकीय तपासणी झाली होती, कागदपत्रे पाहिली गेली होती, हातात शिक्क्याचे कागद पडले होते. सरकारी नोकरीत प्रवेश करणाऱ्याच्या वाट्याला जे सोपस्कार येतात, ते सगळे त्यांच्याही वाट्याला आले. आणि नोकरीसाठी काही लाख मोजावे लागतात यात त्यांना, त्यांच्या आईबापांना किंवा गावातल्या शहाण्यासुरत्यांना काही वावगे वाटले नाही. आजच्या विवेचनाचा खरा विषय हा शेवटचा मुद्दा आहे. त्याच्याकडे क्रमाने यावे लागेल.

दिल्लीतला हा व्यवहार माणसांनी माणसांना भेटून केला. त्यासाठी दलाल लागले, प्रवास लागला, स्थानकावर तरुणांना उभे करण्याचा खटाटोप लागला. आज तोच व्यवहार फोनच्या पडद्यावर, यांपैकी कशाचीही गरज न पडता होतो. पूर्वी लबाडाला एका तालुक्यात दहावीस सावजे गाठण्यासाठी महिना घालवावा लागे. आज एक निरोप लाखो फोनांवर टाकायला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. लाखात शंभर जण अडकले तरी धंदा चालतो. मालाची किंमत शून्य, दुकानाचे भाडे शून्य आणि गिऱ्हाईक स्वतःहून दाराशी येणारे, असा हा व्यापार आहे.

फसवणुकीचे अर्थशास्त्र

गिऱ्हाईक दाराशी का येते, याचे उत्तर आकडे देतात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि दिल्लीची मानव विकास संस्था यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय रोजगार अहवालानुसार २०२२ साली पदवीधर तरुणांतील बेकारीचे प्रमाण २९.१ टक्के होते. लिहितावाचता न येणाऱ्या तरुणांत ते अवघे ३.४ टक्के होते. निरक्षराला काम मिळते आणि पदवीधराला मिळत नाही, असा याचा सरळ अर्थ नाही. निरक्षराला बेकार राहणे परवडत नाही, मिळेल त्या मजुरीवर तो उभा राहतो. पदवीधर मात्र शिक्षणाला साजेशा कामाची वाट पाहत थांबतो. पण वाट पाहणाऱ्या माणसाजवळ दोन गोष्टी असतात: हाती फोन असतो आणि घरात त्याच्या शिक्षणावर झालेल्या खर्चाची टोचणी असते. या दोन्हींचा सांधा जेथे जुळतो, तेथे खोटी जाहिरात जाऊन बसते.

महाराष्ट्रात २०२३ साली तलाठ्यांच्या ४,६४४ जागांची जाहिरात निघाली. अर्ज आले दहा लाखांहून अधिक. एका जागेमागे दोनशेहून जास्त उमेदवार. याचा अर्थ असा की, त्या एका भरतीतून दहा लाखांहून अधिक तरुण 'पुढे काय?' हा प्रश्न घेऊन परतले. त्यांची नावे, फोन क्रमांक, शिक्षण ही माहिती अनेक ठिकाणी भरलेली असते. नोकरीच्या संकेतस्थळांवर टाकलेला प्रत्येक अर्ज म्हणजे 'येथे एक गरजू आहे' अशी पाटीच होय. लबाडाला गरजूंचा शोध घ्यावा लागत नाही; त्यांची यादी त्याला आयती मिळते.

अर्थशास्त्रात या प्रकाराचे एक सुप्रसिद्ध विवेचन आहे. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. पुढे २००१ साली त्यांना ज्या कामासाठी नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला, त्याचा पाया या निबंधात आहे. विकणाऱ्याला मोटारीचे दोष ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. चांगली आणि वाईट मोटार घेणाऱ्याला वेगळी ओळखता येत नसेल, तर तो प्रत्येक मोटारीकडे संशयाने पाहतो. मग चांगली मोटार असलेले बाजारातून निघून जातात आणि बाजार खराब मालाने भरतो. नोकरीच्या जाहिरातींना हे तंतोतंत लागू पडते. खोट्या जाहिराती वाढल्या की खऱ्या जाहिरातीवरचाही विश्वास उडतो. लहान गावातला एखादा प्रामाणिक कारखानदार फोनवर जाहिरात देतो, तेव्हा उमेदवार ती फसवी समजून सोडून देतात. मग नोकऱ्या कोणाला मिळतात? ज्यांचा मामा, काका, ओळखीचा साहेब आत आहे त्यांना. म्हणजे फसवणुकीचा फटका फसलेल्यांपुरता राहत नाही. ज्याला वशिला नाही आणि ज्याला उघड जाहिरातीचाच आधार आहे, अशा शेतमजुराच्या, हमालाच्या, मोलकरणीच्या पहिल्या शिकलेल्या पिढीला तो सर्वांत जास्त बसतो. समाजवादी कार्यकर्त्याने हा प्रश्न केवळ पोलिसांचा समजू नये, याचे कारण हे आहे.

चार रूपे

खोट्या जाहिरातींची रूपे पुष्कळ आहेत. पण कार्यकर्त्याला चार नीट ओळखता आली तरी पुरे.

पहिले रूप जुनेच आहे. नामांकित कंपनीचे नाव, चांगला पगार, मुलाखत नाही किंवा फोनवरच्या संदेशांतून पाच मिनिटांत उरकलेली, आणि लगेच नियुक्तिपत्र. मग एकेक मागणी सुरू होते. आधी नोंदणीचे पाचशे. मग पोशाखाचे, ओळखपत्राचे, प्रशिक्षणाचे. मग 'परत मिळणारी' अनामत. प्रत्येक रक्कम आधीच्या रकमेच्या मानाने थोडी वाढलेली असते, आणि आता थांबलो तर आधीचे बुडतील या भीतीने माणूस पुढची भरत जातो. पूर्वी अशा पत्रांतली भाषा अशुद्ध असे, तिच्यावरून संशय घेता येई. आता यंत्रेच निर्दोष इंग्रजी आणि बऱ्यापैकी मराठी लिहून देतात. तेव्हा शुद्धलेखन ही खूण राहिली नाही.

दुसरे रूप घरबसल्या कामाचे. यूट्यूबवरील चित्रफितींना पसंती द्या, हॉटेलांना शेरे द्या आणि प्रत्येक कामाचे पैसे घ्या, असा निरोप येतो. पहिल्या दिवशी दीडदोनशे रुपये खरोखरच खात्यात जमा होतात. हे दीडदोनशे म्हणजे गळाला लावलेला दाणा. त्यानंतर उमेदवाराला टेलिग्रामवरील एका गटात घेतात; तेथे शेकडो 'सहकारी' आपापल्या कमाईचे फोटो टाकत असतात. त्यांतले बहुतेक त्याच टोळीचे असतात. मग 'आधी पैसे भरा, मोठे काम मिळवा' असा टप्पा येतो. पडद्यावर जमा रकमेचा आकडा वाढत जातो, पण काढायला गेले की कर भरा, दंड भरा, आणखी एक काम पुरे करा, असे सांगितले जाते. केंद्रीय गृहमंत्रालयाच्या सायबर गुन्हेविरोधी यंत्रणेच्या शिफारशीवरून डिसेंबर २०२३ मध्ये या आणि गुंतवणुकीच्या फसवणुकीशी संबंधित शंभराहून अधिक संकेतस्थळे बंद करण्यात आली. एवढ्याने धंदा थांबत नाही. आणि हे केवळ भारतात घडते असेही नाही: अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाकडे या प्रकारच्या 'कामां'बद्दल २०२३ साली सुमारे ५,००० तक्रारी आल्या होत्या, २०२४ च्या पहिल्या सहा महिन्यांतच त्या सुमारे २०,००० झाल्या.

याच रूपाची एक पोटजात विशेष घातक आहे. उमेदवाराला सांगतात, की तुझ्या खात्यात पैसे येतील, ते पुढे पाठव आणि टक्केवारी ठेव. ते पैसे दुसऱ्या कोणाचे तरी लुबाडलेले असतात. पोलीस माग काढीत येतात तेव्हा पहिला सापडतो तो हा बेकार तरुण. फसलेला आरोपी होतो. आपले पासबुक, एटीएम कार्ड, सिमकार्ड 'भाड्याने' देणे ही नोकरी नाही, हे प्रत्येक वस्तीत पुनःपुन्हा सांगावे लागेल.

तिसरे रूप मजकूर टाइप करून देण्याचे, डेटा एन्ट्रीचे. गृहिणी आणि विद्यार्थिनी यात जास्त अडकतात. ठरावीक दिवसांत शेकडो पाने अमुक टक्के अचूकतेने टाइप करून द्यायची, असा करार फोनवरच करून घेतात. काम कितीही नीट केले तरी ते 'नापास' ठरते. मग वकिलाच्या नावाने नोटीस येते: करारभंग झाला, इतके हजार भरा, नाहीतर अटक होईल. घाबरून आणि घरच्यांपासून लपवून पैसे भरले जातात. येथे कायदा काय म्हणतो ते कार्यकर्त्याला ठाऊक हवे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याप्रमाणे फसवून मिळवलेल्या संमतीवर उभा असलेला करार फसलेल्या पक्षाला रद्द ठरवता येतो. करारात दंडाचा आकडा लिहिलेला असला, तरी त्या मर्यादेत वाजवी भरपाई किती हे न्यायालय ठरवते. नोटीस पाठवणारा ठरवीत नाही. आणि असा वाद दिवाणी स्वरूपाचा असतो, त्यासाठी पोलीस कोणाला उचलून नेत नाहीत. एवढी तीन वाक्ये वेळेवर सांगणारा कोणी भेटला, तर कितीतरी मुलींची रात्रीची झोप वाचेल.

चौथे रूप परदेशातील नोकरीचे, आणि ते सर्वांत भयंकर. येथे पैशाबरोबर माणूसही जातो. थायलंडमध्ये 'डिजिटल विक्री अधिकारी' हवेत अशा जाहिराती संगणक जाणणाऱ्या तरुणांपर्यंत पोहोचवल्या जात आहेत, असा इशारा परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये दिला. बँकॉकला उतरलेल्या मुलांना सीमेपलीकडे म्यानमारमध्ये नेऊन कोंडले जाई आणि तेथून जगभरच्या लोकांना फोनवर फसवण्याचे काम मारहाण करून करवून घेतले जाई. मार्च २०२५ मध्ये भारतीय हवाई दलाच्या विमानांनी लागोपाठ दोन दिवसांत तेथून सुटलेल्या ५४९ भारतीयांना परत आणले. खोट्या जाहिरातीला बळी पडलेला तरुण दुसऱ्यांना खोट्या जाहिराती पाठवण्यासाठी डांबला जातो, इतके हे चक्र पूर्ण झालेले आहे.

कसोटी आणि तिची धार

या चारही रूपांत एक गोष्ट समान आहे. पैसा उलट्या दिशेने वाहतो. नोकरी म्हणजे कामगाराने श्रम द्यायचे आणि मालकाने पगार द्यायचा. जेथे मालक म्हणवणारा कामगाराकडूनच पैसे घेऊ लागतो, तेथे मालक नाही, काम नाही आणि नोकरीही नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९९७ सालच्या १८१ क्रमांकाच्या कराराने हेच तत्त्व सांगितले आहे: खाजगी नोकरी-मध्यस्थांनी कामगाराकडून प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष कोणतेही शुल्क घेऊ नये, मोजके अपवाद करायचे तर ते शासनाने कारणे देऊन करावेत. भारताने या कराराला मान्यता दिलेली नाही.

कसोटी इतकी सोपी आहे, तर मग शिकलेली मुले ती का लावत नाहीत? कारण खऱ्या नोकऱ्यांनीच तिची धार घालवली आहे. शिक्षकाच्या जागेसाठी संस्थाचालकाला किती द्यावे लागतात, याचे भाव गावोगाव तोंडपाठ असतात. भरतीच्या परीक्षांतले गैरव्यवहार वारंवार उघडकीस येतात. 'पैसे दिल्याशिवाय काही होत नाही' हे वाक्य आईबाप मुलांना व्यवहारज्ञान म्हणून शिकवतात. अशा समाजात कोणी दोन लाख मागितले, तर ती फसवणुकीची खूण वाटत नाही. उलट व्यवहार पक्का असल्याची खूण वाटते. पैसे न मागणाऱ्याचाच संशय येतो. खोटी नोकरी विकणारा माणूस खऱ्या नोकऱ्या विकणाऱ्यांनी तयार केलेल्या बाजारात आपला माल मांडतो. दिल्लीच्या फलाटावरचे तरुण भोळे नव्हते. ज्या व्यवस्थेत ते वाढले, तिचे नियम त्यांना चांगले ठाऊक होते. त्या नियमांनीच ते फसले.

आणखी एक गुंता आहे. सरकारी परीक्षांसाठीही शुल्क घेतले जाते. उपरोक्त तलाठी भरतीत खुल्या वर्गाला १,००० आणि राखीव वर्गाला ९०० रुपये भरावे लागले. लाखो बेकारांकडून प्रत्येक परीक्षेला अशी रक्कम घ्यावी का, हा प्रश्न वेगळा आणि गंभीर आहे. पण या शुल्काने कसोटी आणखी पुसट केली, हे मान्य केले पाहिजे. म्हणून ती जरा विस्ताराने मांडावी लागते. खरे परीक्षाशुल्क जाहिरातीत छापलेले असते, एका वर्गातल्या सर्वांना सारखे असते, अर्ज भरतानाच घेतले जाते आणि निवडीची हमी देत नाही. निवड झाल्यानंतर मागितलेली, माणसागणिक बदलणारी, एखाद्या व्यक्तीच्या यूपीआय क्रमांकावर किंवा क्यूआर कोडवर भरायला सांगितलेली रक्कम ही शुल्क असूच शकत नाही.

पडताळणीची बाकीची साधनेही साधी आहेत. शासकीय संकेतस्थळाचा पत्ता 'गव्ह डॉट इन' किंवा 'एनआयसी डॉट इन' असा संपतो आणि हा शेवट खाजगी माणसाला मिळत नाही. लबाड मंडळी 'गव्ह' हे अक्षर पत्त्याच्या मध्ये कोठेतरी घालतात. तेव्हा पत्त्याचा पहिल्या तिरक्या रेघेपर्यंतचा भाग उजवीकडून डावीकडे वाचावा. काही परीक्षांचे अर्ज दुसरी यंत्रणा घेते. तिच्याकडे जाण्याचा दुवा खात्याच्या मूळ संकेतस्थळावरून घ्यावा, निरोपातून आलेला घेऊ नये. केंद्र सरकारच्या भरतीच्या जाहिराती १९७६ पासून निघणाऱ्या 'एम्प्लॉयमेंट न्यूज' या साप्ताहिकात पाहता येतात. खाजगी कंपनीच्या बाबतीत, कंपनी अस्तित्वात आहे एवढ्याने जाहिरात खरी ठरत नाही, कारण नाव चोरलेले असू शकते. कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून दूरध्वनी क्रमांक शोधावा आणि ही जाहिरात तुमचीच का, असे विचारावे. परदेशी नोकरी असेल तर १९८३ च्या उत्प्रवास कायद्याने भरती करणाऱ्या एजंटाला सरकारकडे नोंदणी सक्तीची केली आहे आणि त्याने घ्यावयाच्या सेवाशुल्काला नियमांनी ३० हजार रुपये अधिक कर अशी मर्यादा घातली. नोंदलेल्या एजंटांची यादी 'ई-मायग्रेट' या सरकारी संकेतस्थळावर असते. 'सध्या पर्यटकाच्या व्हिसावर जा, कामाचा तिकडे करून घेऊ' असे जो सांगतो, त्याच्याशी पुढे बोलण्याचे कारण नाही.

मुकादमापासून पडद्यापर्यंत

नोकरीसाठी पैसे उकळणे हा प्रकार फोनने जन्माला घातला नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत कामगार भरण्याचा अधिकार जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या हाती होता आणि काम मिळण्यासाठी व टिकण्यासाठी त्याला दस्तुरी द्यावी लागे. दस्तुरीसाठी कामगार कर्ज काढी, आणि ते फेडता फेडता पगार संपे. जे. एच. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली १९२९ साली नेमलेल्या शाही श्रम आयोगाने १९३१ च्या अहवालात या लाचखोरीवर बोट ठेवले आणि भरती मुकादमाच्या हातून काढून घेण्याची शिफारस केली. १९३५ साली मुंबईत बदली कामगारांना कार्डे देऊन त्यांची नोंद ठेवण्याची पद्धत सुरू झाली. स्वातंत्र्यानंतर गोदी कामगारांसाठी १९४८ चा कायदा झाला. महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कायदा आला. माथाडी मंडळात कामगाराची नोंद होते, तशी मालकाचीही होते, आणि मजुरी मंडळामार्फत दिली जाते. १९८१ च्या कायद्याने खाजगी सुरक्षारक्षकांसाठीही अशीच मंडळे आणली.

या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. 'मुकादमाला पैसे देऊ नका' असा उपदेश कामगारांना करून दस्तुरी कमी झाली नाही. रोज सकाळी गिरणीच्या फाटकाशी उभा असलेला एकटा कामगार तो उपदेश पाळूच शकत नव्हता. त्याने दिले नाहीत तर शेजारचा देई. काम आणि कामगार यांची उघड, सार्वजनिक नोंद झाली आणि तिच्यामागे संघटना उभी राहिली, तेथेच मुकादमाची पकड सैल झाली.

देशपातळीवर ही उघड नोंद ठेवण्याचे काम सेवायोजन कार्यालयांचे होते. १९५९ च्या कायद्याने सरकारी आणि २५ किंवा अधिक कामगार असलेल्या खाजगी आस्थापनांना रिकाम्या जागा या कार्यालयांना कळवणे बंधनकारक केले. परंतु जागा कळवल्यावर तेथूनच माणूस घ्यावा अशी सक्ती त्या कायद्यात नव्हती. कार्डाचे नूतनीकरण करीत राहावे आणि बोलावण्याची वाट पाहत वय उलटावे, असा दोन पिढ्यांचा अनुभव आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत तो कायदा विलीन झाला. सार्वजनिक व्यवस्था अशी निष्प्रभ होत गेली आणि रिकामी झालेली जागा खाजगी संकेतस्थळांनी घेतली. त्यांच्यावर जाहिरात टाकणारा कोण, हे तपासण्याचे ओझे अर्जदारावर पडले. बाजारात वजनमापे तपासण्याचे काम आपण गिऱ्हाइकावर सोडत नाही, त्यासाठी निरीक्षक नेमतो. नोकरीच्या बाजारात मात्र प्रत्येक बेकाराने स्वतःच निरीक्षक व्हावे, अशी आजची अपेक्षा आहे.

कार्यकर्त्यांनी काय करावे

पहिले काम ऐकून घेण्याचे. फसलेला माणूस पैशाआधी अब्रूला जपतो. 'इतका शिकलेला असून फसलास कसा?' हा प्रश्न घरात, कट्ट्यावर, पोलीस चौकीतही विचारला जातो आणि त्या धाकाने तक्रार होतच नाही. लबाडाच्या धंद्याला या मौनाचा मोठा आधार आहे. कार्यकर्त्याच्या तोंडी तो प्रश्न कधीही येता कामा नये.

दुसरे काम घाईचे. पैसे गेल्याचे कळताच १९३० या क्रमांकावर दूरध्वनी करावा किंवा केंद्राच्या सायबर गुन्हे तक्रार संकेतस्थळावर नोंद करावी. रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात फिरण्यापूर्वी कळवले तर बँका ती गोठवू शकतात. येथे तासांचा हिशेब असतो. संदेश, क्रमांक, पावत्या पुसून टाकू नयेत, त्यांची छायाचित्रे ठेवावीत. संगणकीय साधनाने तोतयेगिरी करून फसवणाऱ्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-ड कलमाखाली ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो. भारतीय न्याय संहितेचे फसवणुकीचे ३१८ वे कलमही लागू होते. तक्रार लिहिताना ही कलमे ठाऊक असलेला एक माणूस सोबत असला, की चौकीतली वागणूक बदलते.

तिसरे काम नित्याचे. प्रत्येक शाखेच्या कार्यालयात, वाचनालयात किंवा समाजमंदिरात आठवड्यातील एक संध्याकाळ नोकरीच्या जाहिराती पडताळून पाहण्यासाठी राखून ठेवावी. फोन आणि एक वही एवढेच साहित्य लागते. जाहिरात घेऊन कोणी आला, की पत्ता उजवीकडून वाचावा, कंपनीला दूरध्वनी करावा, शुल्काची दिशा पाहावी आणि निष्कर्ष वहीत लिहावा. चार महिन्यांत ती वही त्या तालुक्यातल्या तरुणांना कोणत्याही पोस्टरापेक्षा उपयोगी पडेल. खरी निघालेली जाहिरातही त्या वहीत लिहावी. नाहीतर भीती पसरेल आणि चांगला मालकही संशयात सापडेल.

चौथे काम मागणीचे. नोकरीची जाहिरात छापणाऱ्या प्रत्येक संकेतस्थळाने जाहिरातदाराची ओळख तपासूनच ती छापावी, आणि तपासणी न केल्यामुळे झालेल्या नुकसानीत त्याचा वाटा असावा. नोकरीसाठी कामगाराकडून पैसे घेण्यास कायद्याने बंदी करून १८१ क्रमांकाच्या कराराला मान्यता द्यावी. बेकारांकडून परीक्षाशुल्क घेणे थांबवावे. त्यातून खजिन्यात जे येते त्याहून मोठी हानी ते कसोटी पुसून करते. आणि सरकारी व अनुदानित संस्थांतील रिकाम्या जागा, त्यांच्या भरतीचा टप्पा आणि निवडीची यादी जिल्हावार एकाच ठिकाणी उघड लावावी.

या मागण्या करणाऱ्याने मात्र आधी स्वतःचे अंगण झाडावे. ज्या शिक्षणसंस्थांशी, सहकारी बँकांशी आणि कारखान्यांशी पुरोगामी म्हणवणाऱ्यांचा संबंध आहे, तेथे नेमणुकीसाठी पैसे घेतले जात असतील, तर शाखेत बसून तरुणांना 'पैसे मागणारी नोकरी खोटी असते' असे सांगण्याचा अधिकार राहत नाही. ते वाक्य खरे ठरण्यासाठी खरी नोकरी पैशाविना मिळाली पाहिजे. ज्या दिवशी एखाद्या गावातल्या आईला मुलाच्या नोकरीसाठी कोणी पैसे मागताच, अंगावरची पाटली उतरवण्याआधी 'पगार कोणी कोणाला द्यायचा?' असे विचारावेसे वाटेल, त्या दिवशी त्या गावात हा धंदा बसेल. तोवर शाखेतली वही उघडी ठेवावी.